गदा कोणाची आणि माती कोणाची?

महाराष्ट्र केसरीचा फड जवळ आला म्हणजे ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या गांवोगांवच्या पोरांच्या तोंडीं एकच प्रश्न असतो : यंदा गदा कोणाची? प्रश्न रास्त आहे. ज्याला हा प्रश्न पडत नाहीं त्याच्या अंगांत रक्त आहे कीं ताक, याची शंका घ्यावी. पण आम्ही आज दुसराच प्रश्न विचारणार आहों, आणि तो आमच्या कांहीं पैलवान मित्रांना रुचणार नाहीं हें आम्ही जाणून आहों. गदा कोणाची हें एका रात्रींत ठरतें. ती उचलणारा पोरगा ज्या मातींत वाढतो ती माती कोणाची, आणि ती शिल्लक किती?

आधीं या मानाचा इतिहास थोडा सांगितला पाहिजे. आमच्या लोकांची ही खोडच आहे कीं, पैलवानाच्या छातीचें माप तोंडपाठ, पण ज्या फडांत तो लढला तो फड कोणीं उभा केला हें ठाऊक नाहीं. मग दुसरा कोणी येऊन सांगेल तो आपला इतिहास!

महाराष्ट्रांत कुस्तीला राजाश्रय देणारे राजे कांहीं थोडे नव्हते, पण राजर्षि शाहू छत्रपतींनीं जें केलें तें आश्रयापलीकडचें होतें. १९०२ सालीं ते विलायतेस गेले. त्याच प्रवासांत रोम येथील जुनें खुलें क्रीडागार त्यांनीं पाहिलें, आणि आपल्या कोल्हापुरांतहि असें मैदान हवें हें मनांत धरलें. पुढें १९१२ सालीं खासबाग मैदान खुलें झालें. खोल हौदा आणि भोंवतीं चढत गेलेली बैठक अशी त्याची रचना आहे; मागच्या रांगेंतल्या कुणब्यालाहि डाव तितकाच स्वच्छ दिसावा जितका पुढें बसलेल्या सरदाराला दिसतो. आतां हें लक्षांत घ्या कीं, मागासलेल्या वर्गांसाठीं सरकारी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवण्याचा शाहू महाराजांचा हुकूम जुलै १९०२ मधला, म्हणजे याच विलायतच्या प्रवासाच्या सालचा. एका हातानें पोराच्या हातीं दौत-लेखणी देण्याची सोय आणि दुसऱ्या हातानें त्याच्या अंगाला माती लावण्याची सोय! हे दोन उद्योग निराळे आहेत असें जे समजतात त्यांना महाराज समजलेच नाहींत असें आमचें स्पष्ट मत आहे.

संस्थानें गेलीं आणि तालमींचा अन्नदाता गेला. त्याच सुमारास, १९५२ सालीं, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा खाशाबा जाधव हेलसिंकीच्या ऑलिंपिकांत कांस्यपदक घेऊन आला. स्वतंत्र हिंदुस्थानला कोणा एका खेळाडूनें मिळवून दिलेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक होय. त्यास पाठविण्यासाठीं सरकारी तिजोरी पुरेशी उघडली नाहीं. गांवकऱ्यांनीं वर्गणी केली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. ही गोष्ट आमच्याकडे अभिमानानें सांगतात. आम्हांला ती ऐकतांना अभिमानापेक्षां लाजच अधिक वाटते. ज्या देशांत पैलवानासाठीं मास्तराला घर गहाण ठेवावें लागतें, त्या देशानें त्या पदकावर हक्क तो कसला सांगावा? आणि सांगितला तरी किती उशिरां! खाशाबा १९८४ सालीं वारले, आणि अर्जुन पुरस्कार त्यांच्या नांवें निघाला तो मरणोत्तर, सोळा-सतरा वर्षांनीं.

अशा वेळीं, १९५३ सालीं, मामासाहेब मोहोळांच्या पुढाकारानें महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद निघाली. विखुरलेल्या तालमींना एका सूत्रांत ओंवणें आणि जत्रेच्या फडांना नियमांची शिस्त लावणें हें तिचें काम. महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष झालें आणि १९६१ सालीं औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरांत, पहिला महाराष्ट्र केसरी ठरला, तो दिनकर दह्यारी. तेव्हांपासून हा फड एका गांवीं बसून राहिलेला नाहीं. धुळें, अमरावती, नाशिक, जळगांव, खामगांव, अलिबाग, लातूर असा तो पंढरीच्या पालखीसारखा मुक्काम करीत फिरला. हें फिरणेंच या मानाचें मोठें पुण्य आहे. कोल्हापूर-सांगलीची मक्तेदारी मोडून वऱ्हाडच्या नि खानदेशच्या पोराला आपल्याच उंबऱ्यावर केसरी पाहावयास मिळाला. कांहीं वर्षीं शेवटच्या कुस्तीचा निकालच लागला नाहीं आणि मान कोणासहि मिळाला नाहीं. तेंहि आम्हांला वाईट वाटत नाहीं. लायक कोणी ठरला नाहीं तर गदा कपाटांत ठेवावी, हें आजच्या काळांत फारच शहाणपणाचें वाटूं लागलें आहे.

केसऱ्यांच्या नांवांची यादी एकदां मोठ्यानें वाचून पाहा. गणपत खेडकर, दीनानाथ सिंह, चंबा मुतनाळ, हरिश्चंद्र बिराजदार, दादू चौगुले, लक्ष्मण वडार. दादू चौगुल्यांनीं १९७० आणि १९७१ सालीं मान मिळविला, आणि त्यांचा मुलगा विनोद यानें २००० सालीं. सोलापूर भागांतल्या बोरामणीच्या शेख घराण्यांत इस्माईल १९८० सालीं, आप्पालाल १९९२ सालीं आणि पुढें मुन्नालाल, असे एकाच घरांत तीन केसरी झाले. २०१८ सालीं बाला रफिक शेख. वर्णाश्रमाच्या कोणत्या पोथींत ही यादी बसते तें शास्त्र्यांनीं सांगावें! हौद्यांत उतरतांना लंगोट पाहतात, गोत्र पाहत नाहींत. समोरच्याची पाठ मातीला लागली कीं तो पडला. तेथें मुहूर्त पाहून, दक्षिणा देऊन निकाल फिरत नाहीं. निदान पूर्वीं फिरत नसे. तें पुढें सांगतों.

आतां आमच्या ठाण्याकडे या. १९७४ सालीं हा फड ठाण्यास भरला आणि कोल्हापूरचा युवराज पाटील येथून केसरी होऊन गेला. त्या सालीं ठाण्यास महानगरपालिका नव्हती. ती १९८२ सालीं झाली, कल्याण-डोंबिवलीची त्यानंतरच्या सालीं. म्हणजे आमच्या जिल्ह्यानें केसरीचें स्वागत केलें तें नगरपालिकेच्या तुटपुंज्या खजिन्यावर. तेव्हां कल्याण-डोंबिवलीभोंवतीं भाताचीं खाचरें होतीं, आगरी-कुणब्यांचीं गांवें बांधाबांधांनीं एकमेकांपासून वेगळीं होतीं. कापणी झाली कीं मोकळ्या शेतांत जत्रेचा फड बसे. कोणाची परवानगी नको नि भाडें नको. ज्याचें शेत तो फडाच्या पहिल्या रांगेंत, एवढाच त्याचा मोबदला.

आज या पट्ट्यांत पैशाला तोटा आहे काय? मुळींच नाहीं. जमिनीला सोन्याचा भाव आला, महापालिकांचीं अंदाजपत्रकें फुगलीं, वीस-वीस मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. फक्त एक वस्तु महाग होऊन दिसेनाशी झाली, ती म्हणजे बारा हात लांब-रुंद माती.

हें अतिशयोक्तीनें बोलत नाहीं. कल्याणजवळच्या एका गांवच्या जत्रेस आम्ही गेलों होतों. फलकावर इनामाचा आंकडा मोठा होता आणि पुढाऱ्यांचे फोटो त्याहूनहि मोठे होते. दुपारीं आधीं रेवड्यांच्या कुस्त्या लागल्या. सहा-सात वर्षांचीं गांवचीं पोरें लंगोट सांवरीत, शड्डू मारीत अशीं कांहीं झोंबलीं कीं सगळा फड हंसूनहंसून लोटपोट झाला. पण ऊन उतरूं लागलें, इनामें चढूं लागलीं, तसतशीं गांवचीं पोरें हौद्यांतून दिसेनाशीं झालीं. शेवटच्या चार जोडी सगळ्या बाहेरच्या. कोणी घाटावरचा, कोणी थेट हरियाणाचा. त्यांनीं कुस्ती उत्तम केली, त्यांचा राग नाहीं. पाहुण्या मल्लाला मान देणें हा आमचा धर्मच आहे. पण शेजारीं बसलेल्या म्हाताऱ्या वस्तादांना आम्हीं विचारलें कीं, वस्ताद, रेवडीपासून शेवटच्या कुस्तीपर्यंतच्या मधल्या पायऱ्या कोठें गेल्या? त्यांनीं हात करून समोरच्या इमारतीकडे दाखविलें. त्यांची तालीम त्या इमारतीच्या पायाखालीं होती. गांवकीची जागा होती, कागद कोणीं केले नव्हते. विकासकाजवळ कागद होते. पोरें आतां तळमजल्यावरच्या जिममध्यें जातात, असें ते म्हणाले, आणि पुढें गप्प बसले.

जिमला आमचा विरोध नाहीं. पण आरशासमोर वजन उचलून दंड फुगविणें निराळें आणि समोर जिवंत माणूस धरून त्याचें वजन, त्याचा श्वास, त्याचा पुढचा डाव ओळखणें निराळें. आरसा उलटून धोबीपछाड मारीत नाहीं! शिवाय तालमींत फी नव्हती. पहाटे हौदा खणण्याची पाळी, ही तेथली फी. मातींत ताक, तेल, हळद, लिंबू, काव घालून ती मऊ ठेवावी लागते, ती पोरेंच ठेवीत. डॉक्टरचा पोरगा आणि गवंड्याचा पोरगा एकाच फावड्याला हात लावीत. अशी दुसरी शाळा आमच्या शहरांत कोणती आहे?

आणि इतकें सारें असूनहि या मातीनें काय करून दाखविलें पाहा. मार्च २०२३ मध्यें सांगलीस पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. पहिला मान सांगलीच्या प्रतीक्षा बागडीनें घेतला, तिचें अभिनंदन. पण शेवटच्या कुस्तींत तिच्यासमोर उभी कोण होती? कल्याणची वैष्णवी पाटील! पुरुषांच्या बाजूला १९६१ पासून जो मान आम्ही टाळ्या वाजवून पाहत बसलों, त्या मानाच्या दारापर्यंत आमच्या एका लेकीनें पहिल्याच झटक्यांत धडक मारली. तीच वैष्णवी पुढें २०२५ सालीं झाग्रेब येथील जागतिक स्पर्धेसाठीं ६५ किलो वजनगटांत भारताच्या संघांत निवडली गेली. ठाण्या-कल्याणच्या चौकाचौकांत लागणाऱ्या फलकांचा हिशेब कोणी ठेवीत असेल तर त्यानें मोजून सांगावें : वाढदिवसांचे किती आणि या मुलीचे किती?

मुली आणि कुस्ती हा विषय निघाला कीं अजून आमच्यांतले शहाणेसुरते लोक नाक मुरडतात. हौद्यांत बाईची सावली नको, हनुमंताला चालत नाहीं, असें सांगणारे वस्ताद आम्हीं स्वतः पाहिले आहेत. हनुमंतानें हें कोणाला सांगितलें? शिवूं नको, येऊं नको, पाहूं नको, ही भाषा ज्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या ऐकून घेतली त्यांनींच ती आपल्या लेकींना ऐकवावी, यापरतें दुर्दैव नाहीं. मुलींच्या वाटेंत आधींच कांटे कमी नाहींत. जानेवारी २०२३ मध्यें देशाच्या नामांकित कुस्तीगीर मुली कुस्ती महासंघाच्या अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप करीत दिल्लीच्या रस्त्यावर बसल्या. त्याच सालच्या मार्चांत आमची मुलगी सांगलीच्या आखाड्यांत उतरली. तिला उतरूं देणाऱ्या आईबापांच्या धैर्याची किंमत आम्ही गदेहून कमी समजत नाहीं.

आतां त्या गदेची सध्यांची अवस्था. मामासाहेबांच्या स्मरणार्थ मोहोळ घराण्याकडून दिली जाणारी ही चांदीची गदा. स्पर्धा मातीवर निराळी आणि गादीवर निराळी होते, आणि दोन्हींकडचे विजयी शेवटीं एकमेकांशीं भिडतात. योजना सुंदर आहे. मातींतल्या पोराला जगाच्या गादीची ओळख व्हावी आणि गादीवाल्यानें मातीला विसरूं नये, असा तिचा अर्थ. पण २०२२ सालीं अखिल भारतीय महासंघानें जुनी परिषद बरखास्त केली, आणि तेव्हांपासून राज्यांत दोन चुली झाल्या. नोव्हेंबर २०२३ मध्यें पुण्याजवळ फुलगांवीं सिकंदर शेख महाराष्ट्र केसरी झाला आणि त्याच महिन्यांत धाराशिवास शिवराज राक्षे महाराष्ट्र केसरी झाला. २०२५ सालींहि तोच प्रकार : फेब्रुवारींत अहिल्यानगरास पृथ्वीराज मोहोळ, मार्चांत कर्जतेस वेताळ शेळके. एका महाराष्ट्राला दोन केसरी! जंगलांत दोन सिंह एका टेकडीवर राहत नाहींत असें म्हणतात. आमच्याकडे दोन पुढारी एका परिषदेंत राहत नाहींत, म्हणून सिंह दोन करावे लागले. यांत चारहि मल्लांचा दोष तिळमात्र नाहीं. त्यांनीं घाम गाळला, समोर आला त्याच्याशीं लढले. त्यांच्या मानाची किंमत निम्मी केली ती खुर्चीवरच्यांनीं.

आणि पंचांचें काय? जानेवारी २०२३ मध्यें पुण्याच्या कोथरुडांत सिकंदर शेख विरुद्ध महेंद्र गायकवाड या कुस्तींतल्या गुणांवरून महाराष्ट्रभर कालवा झाला. अहिल्यानगरास तर शिवराज राक्षेनें निकालावर चिडून पंचाला लाथ मारली आणि शेवटच्या कुस्तींतून महेंद्र गायकवाड निघून गेला. दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली. पंचाला लाथ मारणें हें कृत्य निंद्य, त्याची तरफदारी आम्ही करणार नाहीं. पण ज्याच्या मागें बारा वर्षांचा खुराक, बापाची विकलेली जमीन आणि वस्तादाचें आयुष्य उभें असतें, त्याला एका क्षणाच्या शंकास्पद निकालानें घरीं पाठवावयाचें आणि पुन्हां त्यानें संताप गिळावा अशी अपेक्षा धरावयाची, तर निकालाची फेरतपासणी त्याच ठिकाणीं, सगळ्यांना दिसेल अशी झाली पाहिजे. शाहू महाराजांच्या मैदानांत मागच्या रांगेला डाव दिसे. आतां समोर मोठे पडदे आहेत, दहा कॅमेरे आहेत, तरी निकाल कोणाला दिसत नाहीं.

पैशाची गोष्ट तर विचारूं नका. २०२२ सालीं सातारा येथें पृथ्वीराज पाटील केसरी झाला, आणि गदेखेरीज रोख बक्षीस हातीं पडलें नाहीं असें त्याला वर्तमानपत्रांतून बोलून दाखवावें लागलें. पुढच्याच फडास मोटारगाडी आली. म्हणजे एका वर्षीं कांहीं नाहीं आणि दुसऱ्या वर्षीं मोटार. नियम म्हणून कांहीं नाहींच, संयोजकाची लहर! कोणी म्हणेल कीं या मानामुळें पोरांना नोकऱ्याहि मिळाल्या. खरें आहे. सलग तीनदां केसरी झालेले नरसिंग यादव आणि विजय चौधरी हे पोलीस खात्यांत उपअधीक्षक झाले, आणि ती गोष्ट चांगलीच झाली. पण तीनदां केसरी होणारे किती? जो पोरगा उपांत्य फेरींत हरला, ज्याचा गुडघा पंचविशींत गेला, त्याचें काय? खुराक रोज लागतो. दूध, तूप, बदाम हीं केसरीचा निकाल लागेपर्यंत थांबत नाहींत.

खाशाबानंतर महाराष्ट्राच्या एकाहि कुस्तीगिरानें ऑलिंपिक पदक आणलेलें नाहीं. २००८ पासून देशाला कुस्तींत पदकें आलीं तीं हरियाणा-दिल्लीच्या आखाड्यांतून. आमचा पोरगा दुबळा आहे म्हणून असें झालें असें जो म्हणेल त्यानें एकदां गंगावेस तालमींत जाऊन यावें. आमची सारी नजर वर्षाच्या त्या एका रात्रीवर लागलेली असते. तेथें सर्वांत जड गडी पाहिजे, म्हणून पोरें वजन वाढवितात. आणि ऑलिंपिकांत पदकें पुष्कळदां येतात तीं हलक्या गटांतून. खाशाबा स्वतः बँटमवेट गटांतला, म्हणजे सत्तावन किलोंचा गडी. आजच्या महाराष्ट्र केसरींत त्याला गदेच्या गटांत उतरूंहि दिलें नसतें! हलक्या वजनांच्या विजेत्यांची नांवें किती वाचकांना आठवतात? आम्हांलाहि आठवत नाहींत, आणि हें आम्ही शरमेनें लिहितों.

ठाण्याच्या आणि कल्याण-डोंबिवलीच्या कारभाऱ्यांस आमचें सांगणें थोडकें आहे. महाराष्ट्र केसरी पुन्हां आपल्याकडे भरवावा, असें कोणी मागणें घातलें तर आम्ही आनंदानें वर्गणी देऊं. पण मंडप घालण्यापूर्वीं प्रत्येक प्रभागांत एक हौदा बांधावा. विकास आराखड्यांत खेळाच्या मैदानांसाठीं ज्या जागा राखून ठेवल्या आहेत, त्यांची यादी वर्तमानपत्रांत छापावी आणि त्यांतल्या कोणत्या जागेवर आज काय उभें आहे हेंहि शेजारीं छापावें. हौद्याशेजारीं एक गादी असावी, सकाळीं मुलगे नि संध्याकाळीं मुली किंवा उलट, आणि वस्तादाला महिन्याच्या महिन्याला पगार असावा. हारतुऱ्यानें त्याची चूल पेटत नाहीं. गांवकीच्या जागेवर अजून ज्या तालमी तग धरून आहेत त्यांचे कागद या वर्षीं, याच वर्षीं, करून घ्यावेत. हें काम गांवकऱ्यांनीं स्वतः करावयाचें आहे. आपला सातबारा आपण वाचला नाहीं तर दुसरा वाचतो, आणि तो आपल्यासाठीं वाचीत नाहीं.

जत्रा कमिट्यांसहि एक विनंति. येत्या चैत्रांत फड बसेल तेव्हां शेवटच्या कुस्तीच्या इनामांतून निम्मी रक्कम काढावी. त्या रकमेंत दहा ते अठरा वर्षांच्या गांवच्या पोरापोरींच्या, वजनांवर जोड लावलेल्या चाळीस कुस्त्या होतात. बाहेरचा मल्ल कमी इनामावर येणार नाहीं, असें कोणी म्हणेल. न येवो. त्या दिवशीं ऊन उतरल्यावरहि हौद्यांत आपलींच पोरें दिसतील, आणि ज्या वस्तादांनीं आम्हांला त्या इमारतीकडे बोट दाखविलें त्यांना पंच म्हणून बसवावें.